कुपीतलं पाणी कुणाचं?

(काळा पडदा. पाण्याचा एक थेंब पडल्याचा आवाज. हिरवट उजेड हळूहळू वाढत जातो.)

जमिनीखाली खोल एक गुहा आहे. भिंतीभर हिरवे स्फटिक, त्यांचाच काय तो उजेड. आत दोघं कोंडलेले आहेत. मुलगी चौदा वर्षांची, कटारा. मुलगा सोळाचा, झुको. त्याच्या देशानं लादलेल्या युद्धात तिची आई गेली. ती त्याला मनात येईल ते बोलून घेते आणि रडायला लागते. तो हळूच म्हणतो, या बाबतीत आपण दोघं सारखेच.

मग ती गळ्यातली कुपी हातात घेते. कुपीत उत्तर ध्रुवावरच्या पवित्र तळ्यातलं पाणी आहे. पाणी थोडंसंच आहे आणि तिनं ते महत्त्वाच्या वेळेसाठी राखून ठेवलंय. झुकोच्या डोळ्याभोवती भाजल्याचा मोठा व्रण आहे. ती तिथे हात लावते. तो डोळे मिटतो. तेवढ्यात भिंत फोडून तिचा मित्र आंग, म्हणजे गोष्टीचा नायक 'अवतार', आत येतो.

थोड्या वेळानं झुको शत्रूच्या बाजूनं उभा राहतो. त्याची बहीण अझुला आंगवर वीज सोडते. आंग कोसळतो. कटारा त्याला उचलून घेऊन निघते, तीच कुपी उघडते आणि तेच पाणी त्याच्या पाठीवरच्या जखमेवर वापरते. आंग डोळे उघडतो.

हा भाग १ डिसेंबर २००६ला दाखवला गेला. मालिका 'अवतार : द लास्ट एअरबेंडर'. चाहत्यांमधला एक गट आजही सांगतो, पाणी आधी झुकोला देऊ केलं होतं. दुसरा गट सांगतो, पाणी शेवटी आंगला मिळालं. दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी आहेत. आणि या दोन खऱ्या वाक्यांवरून लोक वर्षानुवर्षं भांडतायत.

(शीर्षक.)

मायकल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनीत्झको या दोघांनी ही मालिका निकलोडियनसाठी बनवली. २१ फेब्रुवारी २००५ला ती सुरू झाली, १९ जुलै २००८ला संपली. एकूण ६१ भाग. गोष्ट युद्धाची आहे. पण तिच्या चाहत्यांमध्ये सगळ्यात चिवट भांडण पेटलं ते कटाराची जोडी कुणाशी, यावरून. झुको आणि कटारा म्हणजे 'झुतारा'. कटारा आणि आंग म्हणजे 'कटांग'. आपल्या मनातल्या जोडीसाठी असं हट्टानं उभं राहण्याला चाहते 'शिपिंग' म्हणतात.

कार्टूनवरून कसली भांडणं, असं म्हणून हा विषय बाजूला सारणारे खूप आहेत. मला तो फार मोलाचा वाटतो, आणि त्याचं कारण साधं आहे. राजकारणावर वाद होतो तेव्हा तुमच्याकडची माहिती वेगळी, माझ्याकडची वेगळी. कुणीतरी काहीतरी लपवलेलं असतं. इथे कुणीच काही लपवू शकत नाही. तेच ६१ भाग, तीच चित्रं, तेच संवाद सगळ्यांसमोर आहेत. तरीही वाद मिटत नाही. म्हणजे गडबड पुराव्यात नाही, वाद घालण्याच्या पद्धतीत आहे. तर्क कुठे घसरतो ते इतक्या लख्ख उजेडात दुसरीकडे क्वचितच दिसतं.

(पडद्यावर तीन आकडे : १२, १४, १६.)

वयाचंच बघा. आंग बारा वर्षांचा, कटारा चौदाची, झुको सोळाचा. झुताराच्या बाजूचे म्हणतात, आंग तिच्यापेक्षा लहान आहे, हे शोभत नाही. कटांगच्या बाजूचे म्हणतात, झुको तिच्यापेक्षा मोठा आहे, हे बरं दिसत नाही. अंतर दोन्हीकडे दोनच वर्षांचं. वयाचा नियम लावायचा असेल तर तो दोन्ही जोड्यांना लावा, नाहीतर कुणालाच लावू नका. समोरच्यासाठी वेगळा काटा आणि आपल्यासाठी वेगळा, ही तर्कातली सर्वांत जुनी खोट असावी.

पण माझ्या मते खरा घोळ याच्याही आधी होतो. वाद एका प्रश्नावर सुरू होतो आणि मधेच, कुणाच्या लक्षात न येता, दुसऱ्याच प्रश्नावर जातो.

(नाट्यगृहाचा सज्जा. खाली रंगमंचावर दिवे.)

१८ जुलै २००८. शेवटच्या भागांच्या आदल्या दिवशी 'द एम्बर आयलंड प्लेयर्स' हा भाग आला. यात आपली पात्रं स्वतःवरच लिहिलेलं नाटक बघायला जातात. रंगमंचावरची कटारा रंगमंचावरच्या झुकोच्या गळ्यात पडते. अवतार मला धाकट्या भावासारखा आहे, असं सांगते. सज्जात बसलेले खरे कटारा आणि झुको संकोचून एकमेकांपासून सरकून बसतात. आंग अस्वस्थ होतो. मध्यंतरात तो कटाराला विचारतो, आपलं काय? ती म्हणते, मी गोंधळलेय. तो तिचं चुंबन घेतो. ती चिडते आणि निघून जाते.

दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या प्रसंगात, चहाच्या दुकानाबाहेर, ती आपणहून त्याच्याजवळ येते. दोघांचं चुंबन होतं आणि मालिका संपते. या दोन प्रसंगांच्या मधे कटाराचं मन कसं बदललं, ते आपल्याला दाखवलेलं नाही.

आता कुणीतरी विचारतं, "कटाराच्या बाजूनं हे नातं नीट लिहिलंय का?" चांगला प्रश्न आहे, त्यावर तासभर बोलता येईल. उत्तर येतं, "शेवटी ती आंगबरोबरच जाते, विषय संपला." हे उत्तर चूक नाही. पण ते वेगळ्याच प्रश्नाचं आहे. काय घडलं, हा एक प्रश्न. जे घडलं ते पटण्यासारखं लिहिलंय का, हा दुसरा. आणि मग तिसरा येतो, तो सगळ्यात वाईट : तुला असं वाटतं म्हणजे तू माणूस म्हणून कशी आहेस? पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जायला चार वाक्यंसुद्धा लागत नाहीत. तिसऱ्यावर पोचलं की पात्रं बाजूला राहतात आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलं एकमेकांच्या चारित्र्याचे निकाल द्यायला लागतात. हे मी जवळून बघितलंय, आणि ते बघवत नाही.

(गडाचं दृश्य. खाली पसरलेली माची, वर उंच बालेकिल्ला.)

ज्या वर्षी ही मालिका सुरू झाली त्याच वर्षी, २००५मध्ये, निकोलस शॅकेल या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकानं अशाच एका युक्तीला 'मॉट अँड बेली' असं नाव दिलं. नाव युरोपातल्या जुन्या किल्ल्यांवरून घेतलंय. ज्यानं राजगड चढलाय त्याला ती युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. ऐसपैस जागा माचीवर. वावरायचं तिथे. हल्ला झाला की बालेकिल्ल्यात शिरायचं. तिथे जागा कमी, चढ अवघड, पण तो पडणं कठीण. शत्रू मागे फिरला की पुन्हा माचीवर.

वादात ते असं दिसतं. कुणी म्हणतं, "झुको आणि कटारा हीच निर्मात्यांच्या मनातली मूळ जोडी होती." ही माची. पुरावा मागितला की, "मी एवढंच म्हणतेय की गुहेतला प्रसंग सुंदर लिहिलाय." हा बालेकिल्ला, तो कोण पाडणार? प्रश्न विचारणारा गप्प बसतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, मूळ जोडी हीच. दुसऱ्या बाजूलाही हेच चालतं. "ही जोडी आवडणाऱ्यांना नात्यातलं काही कळत नाही," ही माची. कुणी हटकलं की, "मी फक्त म्हणालो, मालिकेत आंग आणि कटाराची जोडी होते."

आपल्याकडे या सगळ्याची शिस्तशीर वर्गवारी फार पूर्वी झाली आहे. अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते शोधायचं, तो वाद. जिंकायचं, तो जल्प. आणि स्वतःचं म्हणणं काहीच मांडायचं नाही, समोरच्याचं तेवढं मोडून काढायचं, ती वितंडा. आपण रोज 'वितंडवाद' म्हणतो तो शब्द इथला. त्याच सूत्रांत 'छल' येतो, म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला खोटं पाडणं. त्याचं ठरलेलं उदाहरण नवकंबल. कुणी म्हणालं, या मुलाकडे नव कांबळं आहे, म्हणजे नवं. समोरचा म्हणतो, खोटं! कुठेयत नऊ कांबळी, एकच तर दिसतंय.

चाहत्यांच्या भांडणात हा छल 'कॅनन' या शब्दावर होतो. एकाच्या तोंडी कॅनन म्हणजे मालिकेत दाखवलेलं. दुसऱ्याच्या कानात तो शिरतो चांगलं, योग्य, मान्य करण्याजोगं या अर्थानं. "ते कॅनन आहे" असं कुणी साधेपणानं म्हणालं तरी ऐकणाऱ्याला वाटतं, माझी आवड कमअस्सल ठरवली. कांबळं एकच असतं आणि दोघं नऊ मोजत बसतात.

(घरातली खिडकी. मोबाईलचा उजेड.)

माझी भाची नाशिकला अकरावीत आहे. मालिका पहिल्यांदा आली तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. मागच्या वर्षी तिनं सगळे भाग ओळीनं बघितले आणि एका गटात आपलं मत लिहिलं. रात्री मला निरोप आला, "मामा, ते म्हणतात मी खरी फॅनच नाही." मी विचारलं, का गं? तर तिला आंगचं वागणं पटलं नव्हतं म्हणून. खऱ्या चाहत्यांना आंग आवडतोच, असा त्यांचा दावा. तिनं स्वतःचंच उदाहरण दिलं, मी चाहती आहे आणि मला पटत नाही. त्यावर उत्तर, मग तू खरी नाहीस.

ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्लू यांनी १९७५मध्ये या चुकीचं चित्र एका स्कॉटिश माणसाच्या उदाहरणानं रेखाटलं. कुठलाही स्कॉटिश माणूस असलं काम करणार नाही, असं तो म्हणतो. केलेला एक जण सापडला की म्हणतो, मग तो खरा स्कॉटिश नव्हे. 'खरा' हा एक शब्द घातला की दावा कधीच खोटा पडत नाही. आणि जो दावा खोटा पडूच शकत नाही, तो काही सांगतही नाही. हे सगळं मी भाचीला समजावलं. तिचा प्रश्न वेगळाच होता. "पण मामा, त्या सगळ्यांना एकाच वेळी कसं वाटलं की मी खोटं बोलतेय?" मला उत्तर देता आलं नाही.

(२००८. वर्तमानपत्राच्या कागदाचा पोत.)

काही वेळा या भांडणात पणाला लागलेलं फार मोठं असतं. डिसेंबर २००८मध्ये या मालिकेवरच्या चित्रपटातले कलाकार जाहीर झाले. चारही प्रमुख भूमिकांसाठी गोरे कलाकार निवडले होते. चाहते खवळले. त्या विरोधातूनच 'रेसबेंडिंग', म्हणजे पात्राचा वंशच बदलून टाकणं, हा शब्द रूढ झाला. पुढे झुकोची भूमिका देव पटेलला मिळाली, तर झाओ या सेनानीची आसिफ मांडवीला, ज्याचा जन्म मुंबईचा. १ जुलै २०१०ला चित्रपट आला तेव्हा पडद्यावर नायक गोरे आणि त्यांच्यावर चालून येणारे सावळे, अशी विभागणी झाली होती.

बचावात जो युक्तिवाद सगळ्यात जास्त फिरला तो असा : हे काल्पनिक जग आहे, त्यात आशिया नावाचा खंडच नाही, मग ही पात्रं आशियाई कशी? ऐकायला बिनतोड वाटतो. पण त्या जगाचा नकाशा कल्पित असला तरी ते उभं केलेलं सामान कल्पित नाही. या जगात काही माणसं आपल्या हालचालींनी पाणी, दगड, आग किंवा वारा वळवतात, त्यांना 'बेंडर' म्हणतात. पाणी वळवणाऱ्यांच्या हालचाली ताई-चीच्या आहेत. दगड वळवणाऱ्यांच्या हुंग गारच्या, आगीच्या उत्तर शाओलिनच्या, वाऱ्याच्या बाग्वाझांगच्या. त्या नेमक्या याव्यात म्हणून सिफू किसू हे युद्धकलेचे शिक्षक सल्लागार होते. पडद्यावरची अक्षरं चिनी आहेत, आणि तीही जाणकाराकडून लिहून घेतलेली. ज्यांच्याकडून हे सारं घेतलं त्यांच्या मुलांना नायकाच्या जागी आपला चेहरा दिसावा, एवढीच मागणी होती. 'तिथे आशिया नाही' हे त्या मागणीचं उत्तर होत नाही.

दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन स्वतः भारतीय वंशाचे, जन्म पुदुच्चेरीतल्या माहे गावचा, मग भेदभाव कसा होईल, असंही म्हटलं गेलं. निर्णय कुणी घेतला यावरून तो बरोबर की चूक ते ठरत नाही. चाहत्यांचा संताप कधी ओंगळही झाला असेल, पण या प्रकरणात मी त्यांच्या बाजूनं आहे.

'द लेजंड ऑफ कोरा'चा उल्लेख इथे करायलाच हवा. याच निर्मात्यांची ही पुढची मालिका १९ डिसेंबर २०१४ला संपली. नायिका कोरा आणि तिची मैत्रीण असामी हातात हात घालून प्रकाशात शिरतात. स्पष्ट काही दाखवलंच नाही, असं म्हणणारे निघाले. तीनच दिवसांत दोन्ही निर्मात्यांनी लेखी सांगितलं, होय, त्या दोघींचं प्रेम आहे. लगेच नवा नियम आला, बाहेर सांगितलेलं धरायचं नाही. चालेल, तो नियम मान्य करता येईल. फक्त मग कटाराच्या वादातही निर्मात्यांच्या मुलाखती पुढे करू नका.

(पुन्हा नाशिकची खिडकी. रात्र.)

गेल्या महिन्यात भाचीनं परत लिहिलं, यावेळी एकच प्रश्न : "कटाराला आंगबद्दल असं वाटू शकतं, हे पहिल्यांदा कुठल्या भागात दिसतं?" कुणाला दूषण नाही, आपली जोडी कुठली तेही नाही. दिवसभर कुणी काही बोललं नाही. रात्री एका मुलीचं उत्तर आलं. ही तीच, जिनं तिला खोटी चाहती म्हटलं होतं. "पहिला सीझन, चौदावा भाग. भविष्य सांगणारी बाई कटाराला म्हणते, तुझा नवरा खूप शक्तिशाली बेंडर असेल. शेवटी तिचा भाऊ सोक्का आंगला शक्तिशाली बेंडर म्हणतो, तेव्हा कटाराचा चेहरा बघ."

भाचीनं बघितला. मग लिहिलं, "चेहरा बघितला, तुझं बरोबर आहे. पण शक्तिशाली बेंडर तर झुकोही आहे."

"थांब," उत्तर आलं, "मी परत लावते. कितव्या मिनिटाला?"