चित्राची कड झाकायची का दाखवायची

बसा बसा, मागच्यांनी जरा पुढं या, हातात धरून दाखवायचंय, तिकडून दिसणार नाही. तर फ्लोटिंग फ्रेम. हल्ली जो येतो तो मोबाईलवर फोटो दाखवतो आन् म्हणतो मला असंच पाहिजे, चित्र हवेत तरंगल्यासारखं. छान दिसतं, नाही कोण म्हणायलंय. पण मी चित्राकडं नंतर बघतो, आधी त्याची कड बघतो, कारण साधी फ्रेम कड झाकते आणि फ्लोटिंग फ्रेम कड दाखवते, खरा फरक एवढाच, बाकी माप, लाकूड, पट्टीची खोली हे सगळं त्याच्यातूनच निघतं.

साधी पट्टी हातात घ्या. आतून खाच असते, चित्र त्या खाचेत मागून बसतं आणि चारी बाजूंनी दोनेक सूत पट्टीखाली जातं, दोन सूत म्हणजे पाव इंच, सहा मिलिमीटर. या पाव इंचात पोरांच्या सह्या जातात बगा, कोपऱ्यात बारीक सही केलेली असते, फ्रेम झाली की अर्धं आडनाव गायब. पण ही खाच आपली पापंपण पोटात घेते, कॅनव्हास थोडा तिरका ताणलेला, बाजूला स्टेपल मारलेले, कडेला पेन्सिलची रेघ, सगळं आत. फ्लोटरमध्ये, म्हणजे फ्लोटिंग फ्रेममध्ये, पोटात घ्यायला जागाच नाही. ही बगा पट्टी, एल आकाराची, कॅनव्हास पुढून आत ठेवायचा, तो तळाच्या पट्टीवर टेकतो आणि मागून स्क्रूनं आवळायचा. बाजूनं लाकूड चित्राला कुठंच शिवत नाही, मधे फट राहते, फटीत सावली पडते, आणि ती सावली चित्राला भिंतीपासून सोडवते.

म्हणून कॅनव्हासच्या बाजूंचं आधी ठरवा. चित्र बाजूवरून वळत गेलेलं असेल तर प्रश्नच नाही, फ्लोटर घ्या. बाजू पांढऱ्या कोऱ्या असतील तरी चालतं, पण मग स्वच्छ पाहिजेत, नाहीतर एका सपाट रंगानं रंगवून घ्या. स्टेपल बाजूला मारलेले असतील तर सुतारानं किंवा तुम्ही ते काढून कॅनव्हास मागं ताणून घ्या, मागं वळवायला पुरेसा कॅनव्हास सोडलेला पाहिजे. तेवढाही नसेल तर साधी पट्टी लावा, त्यात कमीपणा काही नाही.

आता माप. इथं लई गडबड होते, कारण लोक एकाच जागी टेप लावतात. आपल्याकडच्या सुताराकडून करून घेतलेलं स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट, काटकोनात असेलच असं नसतं, त्यामुळं आधी दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तर ठीक, नाही आले तर ते आधी ठोकून काटकोनात आणा. मग रुंदी वर, मधी आणि खाली अशी तीन जागी घ्या, उंचीचंही तसंच, कारण कोपऱ्यात कॅनव्हासची घडी येते, तिथं जाडी एखाद सूत जास्त भरते. सगळ्यात मोठं येईल ते माप धरायचं आणि त्यात दोन्ही बाजूंची फट मिळवायची. फट किती? लहान चित्राला सूत-दीड सूत, मध्यमला दोन सूत, तीन-चार फुटी कॅनव्हासला तीन सूतपण शोभते. त्याच्या वर गेलात की फट दिसायला लागते आणि चित्र मागं पडतं.

पट्टीच्या खोलीचं लोक विसरतात. बाजारात कॅनव्हास दोन जाडीत मिळतो, पाऊण इंच आणि दीड इंच, आणि दीड इंची कॅनव्हास पाऊण इंचाच्या फ्लोटरात घातला की तो बाहेर आलेल्या ड्रॉवरसारखा दिसतो. कॅनव्हासचा चेहरा पट्टीच्या वरच्या धारेला समतल पाहिजे नाहीतर एखाद सूत खाली, म्हणजे हाताळताना धक्का लागला तर लाकूड खाईल, रंग नाही.

बसवताना फट चारी बाजूंनी सारखी कशी ठेवायची? लग्नपत्रिका. हसू नका, घरात ढिगानं असतात, जाड असतात, एकाच पत्रिकेचे तुकडे एकाच जाडीचे असतात. फ्रेम टेबलावर पालथी नाही, उताणी ठेवायची, कॅनव्हास आत, मग प्रत्येक बाजूला दोन-दोन ठिकाणी सारख्याच तुकड्यांच्या थप्प्या खोचायच्या, कॅनव्हास मधोमध घट्ट उभा राहतो, मग दोघांनी मिळून सगळं उचलून उलटं करायचं आन् मागून स्क्रू. तळाची पट्टी पाव इंचाची आणि स्ट्रेचर पाऊण इंचाचं असेल तर पाऊण इंची स्क्रू बास झाला, एक इंची मारला तर टोक पुढं कॅनव्हासमधून डोकावंल. आधी बारीक ड्रिल मारा, लाकूड फाटत नाही. आणि फेविकॉल नाही, एक थेंब नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, लाकूड आटतं, पावसाळ्यात फुगतं, कॅनव्हास ढिला पडला की स्ट्रेचरच्या कोपऱ्यातल्या पाचरी ठोकून ताण आणायचा असतो, त्यासाठी चित्र फ्रेममधून निघालं पाहिजे.

ही काढता येण्याची गोष्ट आपल्या जिल्ह्यात तरी वेगळी सांगायची गरज नाही. अजिंठ्याला १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारनं इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी असे दोन जाणकार बोलावले होते, सुटायला आलेला रंगाचा थर त्यांनी भिंतीला पक्का केला, ते काम मोलाचंच, पण वरून लाखेचं व्हार्निश दिलं, शेलॅक, ते पुढं पिवळं-काळपट पडत गेलं आणि पुरातत्त्व खात्याला काढत बसावं लागलं. नियत चांगली होती हो, म्हणूनच सांगायलो.

कागदाचं वेगळं. दौलताबादहून खुलताबादकडं जाताना कागझीपुरा लागतं, तिथला हातकागद तुम्ही बघितलाच असेल, त्याची कड कशी झिरझिरीत, वेडीवाकडी असते. असल्या कागदावर काम केलं आणि फ्रेमवाल्यानं माउंट, म्हणजे मधी खिडकी कापलेला पुठ्ठा, लावून ती कड झाकली तर मग हातकागद घेतला कशाला? इथं कागद अ‍ॅसिड-फ्री बोर्डावर अधांतरी बसवायचा, मागून फक्त वरच्या बाजूला जपानी टिश्यूच्या दोन बारीक बिजागऱ्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं लावलेल्या. चारी बाजूंनी चिकटवला की पावसाळ्यात कागद वाढायला जागा शोधतो आणि लाटा येतात. सेलोटेप तर नकोच, तो पिवळा पडतो आणि डाग कागदात उतरतो. कॅनव्हासवरच्या तैलरंगाला काच लागत नाही पण कागदाला लागते, आणि ती कागदाला टेकता कामा नये, मधी स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी बारीक पट्टी, निदान तीन मिलिमीटर, कागद वळणारा असेल तर जास्त. चारकोल किंवा पेस्टल असेल तर अ‍ॅक्रिलिक शीट नको, तिच्यात स्थिर वीज तयार होते आणि भुकटी ओढून घेते, तिथं काचच बरी.

दोन काचांमध्ये दाबलेलं चित्र, तेही फ्लोटिंग म्हणूनच विकायलेत. वाळलेली पानं ठेवा, पोस्टकार्ड ठेवा, हौसेनं ठेवा. मूळ जलरंग किंवा जुना फोटो मात्र नको, दमट हवेत फोटोचा थर काचेला चिकटतो, सोडवायला गेलं की चेहराच काचेवर येतो. शिवाय आरपार भिंत दिसते, म्हणजे भिंतीचा पोपडापण प्रदर्शनात.

हिमरूचं, म्हणजे आपल्याकडच्या रेशीम-सुती विणकामाचं, कोणीतरी विचारलं. आजीच्या शालीचा तुकडा, पैठणीचा काठ, हो, सुंदर दिसतं, कारण तिथं दोरे सुटलेली कडच बघण्यासारखी असते. कापड सुती कापड चढवलेल्या बोर्डावर बारीक रेशमी टाक्यांनी धरायचं, गोंद नाही, काच जरीपासून लांब, आणि ऊन येणारी भिंत सोडून कुठंही.

आणि टांगताना बाहेरच्या भिंतीला ओल असेल तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे बटन लावा, हवा खेळली पाहिजे, नाहीतर कसर आणि वाळवी दोघींचं फावतं. पालीचा इलाज मला विचारू नका. फटीत धूळ बसणारच, मऊ कोरड्या ब्रशनं काढा, ओलं फडकं नाही.

पैसे? साध्या पट्टीपेक्षा जास्त पडतात, लाकूड जास्त जातं आणि कोपरे उघडे दिसतात म्हणून कारागिराचा वेळपण. फ्रेमवाल्याकडं जाताना माप पाठवू नका, चित्रच घेऊन जा, आणि त्यानं तुमच्यासमोर कोपऱ्यात टेप लावला का ते बघा, नाही लावला तर दुसऱ्या दुकानात जा. हं, ताई, तुमचा हात वर होता.