निळ्या शिक्क्याचा डॉलर

टेबलावर एक डॉलरच्या दोन नोटा आहेत. वॉशिंग्टन दोन्हींवर, आकारही तोच. आता उजवीकडचा शिक्का बघा: एकीचा हिरवा, दुसरीचा निळा. निळ्या शिक्क्याच्या नोटेच्या वरच्या कडेला ‘सिल्व्हर सर्टिफिकेट’ अशी अक्षरं आहेत. मजकूर सांगतो, अमेरिकी सरकारच्या तिजोरीत एक डॉलरची चांदी जमा आहे, नोट आणून देणाऱ्याला ती मिळेल.

या नोटा १८७८पासूनच्या. सुरुवातीला चांगल्या ऐसपैस, जवळपास १८७ मिलिमीटर लांब. ही १८९६ची, आणि हिच्यावर कॅमेरा जरा रेंगाळू दे. बसलेली स्त्री एका मुलाला इतिहास दाखवते आहे. पलीकडे पोटोमॅक नदी, वॉशिंग्टन स्मारक, कॅपिटॉलचा घुमट. कडेने पानांच्या चक्रांत २३ नामवंत अमेरिकनांची नावं. शिक्का मात्र लाल! निळ्याची खूण चालते ती मुख्यतः १९२८च्या मालिकेपासूनच्या लहान, १५६ मिलिमीटरच्या नोटांना. १८९९चा हा ‘ब्लॅक ईगल’ मोठाच, पण निळ्या शिक्क्याचा. गरुडाखाली लिंकन आणि ग्रँट, अगदी अंगठ्याच्या नखाएवढे.

आता लहान नोटा. यांच्यावरचं साल हे मालिकेचं साल, छपाईचं नव्हे. १९३५ तसंच ठेवून पुढे ए ते एच अक्षरं लागत गेली, बहुतेकदा सह्या करणारे अधिकारी बदलले म्हणून. एकट्या १९३५-एच्या सहाशे कोटींवर नोटा छापल्या गेल्या. त्यामुळे ‘जुनी आहे’ एवढ्यावर भाव मिळत नाही. हाताळलेली १९३५ किंवा १९५७ची साधी नोट दर्शनी किमतीच्या फार वर जात नाही, कुणी काहीही सांगो. याउलट १९२८-ई दिसली, तर हात जपून लावा.

रंग तपासा. शिक्का आणि क्रमांक तपकिरी, पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘हवाई’: ही १९४२ची खबरदारी. बेट जपानच्या हाती पडलं, तर तेवढ्याच नोटा रद्द करता याव्यात. पिवळा शिक्का आणि निळे क्रमांक असतील, तर ती उत्तर आफ्रिकेत उतरलेल्या सैन्यासाठीची.

भिंग उजवीकडे खाली आणा. लाल ‘आर’. १९४४मध्ये दोन कागदांची चाचणी झाली: नेहमीच्या कागदावर ‘आर’, खास कागदावर ‘एस’. प्रत्येकी ११,८४,००० नोटा. नकली अक्षर नंतर उमटवणं सोपं, म्हणून क्रमांक जुळवायचाच. ‘आर’साठी एस७०८८४००१सी ते एस७२०६८०००सी, ‘एस’साठी एस७३८८४००१सी ते एस७५०६८०००सी. या हद्दीबाहेर असेल, तर अक्षर मागाहून मारलेलं.

क्रमांकाच्या सुरुवातीला अक्षराऐवजी तारा असेल, तर ती खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली. साधीपेक्षा थोडी महाग, पण १९५७मध्ये ताऱ्यांचाही सुकाळ आहे.

दिवा आडवा धरा. कोऱ्या करकरीत नोटेवर शाईचा उठाव बोटाला लागतो, डोळ्यालाही दिसतो. मधोमध एक घडी पडली की दर्जा उतरला. आणि ही दुसरी बघा, दिसायला गुळगुळीत, पण उठाव बसलेला आणि घडीच्या जागी तंतू तुटलेले. धुऊन इस्त्री केलीय. हिच्यापेक्षा मळकी पण न छेडलेली नोट बरी. किंमत ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे सोडा. त्याच मालिकेची, त्याच दर्जाची नोट लिलावात प्रत्यक्ष कितीला गेली ते पाहा.

२४ जून १९६८नंतर चांदी देणं थांबलं. डॉलर म्हणून नोट आजही चालते.

ठेवायची ती पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात. मऊ पीव्हीसीचं पाकीट हाताला छान लागतं, पण त्यातला तेलकटपणा हळूहळू कागदात उतरतो. आणि चिकटपट्टी, अगदी एवढीशी चीर असली तरी, नाहीच.