निरुपद्रवी हमाल

[पडद्यावर: लंडन. फ्लीट स्ट्रीटमागच्या अरुंद बोळांतून कॅमेरा गॉफ स्क्वेअरमध्ये येतो. १७ नंबरचं विटांचं घर.]

ओट्स. एक धान्य. इंग्लंडमध्ये ते सहसा घोड्यांना घालतात, स्कॉटलंडमध्ये मात्र त्यावर माणसं जगतात.

हे वाक्य एका शब्दकोशात छापलेलं आहे. दोन अवजड खंड, किंमत साडेचार पौंड, प्रकाशनाची तारीख १५ एप्रिल १७५५. कोशकार सॅम्युअल जॉन्सन. त्याच्या हाताखाली उतारे नकलून काढायला सहा कारकून होते आणि त्या सहांतले पाच स्कॉटिश होते! स्कॉटलंडच्या लॉर्ड एलिबँक यांचं या नोंदीवरचं उत्तर प्रसिद्ध आहे. खरं आहे, पण असे घोडे आणि अशी माणसं दुसरीकडे कुठे पाहायला मिळतात?

जॉन्सन लिचफील्ड गावच्या पुस्तकविक्याचा मुलगा. ऑक्सफर्डला शिकायला गेला, पण पैसे पुरेनात म्हणून वर्षभरानंतर पदवीशिवाय परतला. आपल्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्याचं चरित्र मोठ्या आत्मीयतेने लिहिलं. त्याच्या ‘रासेलस’ या कादंबरीचा अनुवादही वडील कृष्णशास्त्रींनी सुरू केला आणि विष्णुशास्त्रींनी पुरा केला. त्यामुळे जुन्या मराठी वाचकाला हा माणूस परका नव्हता.

१७४६ साली लंडनच्या काही पुस्तकविक्यांनी एकत्र येऊन त्याच्याशी करार केला. मोबदला दीड हजार गिनी, कारकुनांचा पगारही त्यातूनच द्यायचा. मुदत तीन वर्षं. कोणीतरी म्हणालं, अहो, फ्रेंच अकादमीच्या चाळीस विद्वानांना त्यांच्या कोशाला चाळीस वर्षं लागली. जॉन्सनने तिथल्या तिथे हिशेब मांडला. चाळीस गुणिले चाळीस, सोळाशे. तेव्हा एक इंग्रज आणि एक फ्रेंच यांचं प्रमाण तीनास सोळाशे!

प्रत्यक्षात जवळजवळ नऊ वर्षं गेली.

[पडद्यावर: घराचा माळा. उतरतं छप्पर, लांब टेबल, जुनी पुस्तकं.]

काम चालायचं ते या माळ्यावर. मांडणी एखाद्या पेढीसारखी. जॉन्सन पुस्तक वाचायला घ्यायचा ते शिसपेन्सिल हातात धरूनच. हवा तो शब्द दिसला की त्याच्याखाली रेघ ओढायची, उतारा कुठून कुठपर्यंत घ्यायचा त्याच्या खुणा करायच्या, समासात शब्दाचं पहिलं अक्षर टाकायचं. मग ते पुस्तक कारकुनाकडे. कारकून उतारा चिठ्ठीवर उतरवणार आणि चिठ्ठी त्या त्या अक्षराच्या गठ्ठ्यात जाणार. यातली कितीतरी पुस्तकं मित्रांकडून मागून आणलेली असत. परत मिळाली तेव्हा त्यांची दशा अशी की ठेवून घेण्याच्या लायकीची उरलेली नसत. एकेका शब्दासाठी मैत्री पणाला लावण्याचा हा प्रकार.

त्यातून उभे राहिले ४२,७७३ शब्द आणि सुमारे १,१४,००० अवतरणं.

[पडद्यावर: कोशाचं एक पान, दोन रकान्यांत बारीक छपाई.]

इंग्रजीत कोश आधीही होते. रॉबर्ट कॉड्रीचा छोटा कोश १६०४ सालचा. पण त्यात फक्त अवघड शब्द. पुढच्या कोशांत रोजचे शब्द आले, तरी त्यांचे अर्थ देताना कोशकार हात झटकून मोकळे होत. मांजर म्हणजे काय, तर सर्वांना ठाऊक असलेला प्राणी.

जॉन्सनने ही पळवाट घेतली नाही, आणि मग तो स्वतःच खोड्यात अडकला. नेटवर्क म्हणजे जाळीचं काम. त्याची व्याख्या मराठीत आणायची तर काहीशी अशी होईल: ‘समान अंतरांवर जालित किंवा प्रतिच्छेदित असलेली व छेदबिंदूंच्या दरम्यान अवकाश असलेली कोणतीही वस्तू.’ आता ही समजून घ्यायला आधी जाळी पाहिलेली असावी लागते. खोकला? ‘एखाद्या तीक्ष्ण द्रवाने डिवचल्यामुळे फुप्फुसांना येणारा आचका.’ लोक आजही याला हसतात. पण जॉन्सनला अडचण कळत होती. प्रस्तावनेत तो म्हणतो की अर्थ सांगायला मूळ शब्दाहून सोपे शब्द लागतात, आणि तसे शब्द प्रत्येक वेळी मिळतातच असं नाही.

त्याची खरी ताकद दिसते ती दुसरीकडे. ‘टेक’ हे साधं क्रियापद घ्या. औषध घेणं, किल्ला घेणं, सूड घेणं, मनावर घेणं. जॉन्सन या एका शब्दाचे शंभराहून जास्त अर्थ वेगळे काढतो आणि त्यांना लेखकांचे दाखले जोडतो. शेक्सपिअर, मिल्टन, ड्रायडन, बायबल. इथे एकही विनोद नाही, त्यामुळे हे पान कोणी कुठे चिकटवत नाही. माझ्या मते मात्र नऊ वर्षं गेली ती इथे. गाजलेल्या खोचक व्याख्या मोजून डझन-दोन डझन भरतील.

अर्थात त्या गाजाव्यात अशाच आहेत. कारण त्यांत जॉन्सनचा स्वतःचा हिशेब चुकता झालेला दिसतो.

[पडद्यावर: लॉर्ड चेस्टरफील्ड यांचं तैलचित्र.]

१७४७ साली कोशाचा आराखडा छापला, तो लॉर्ड चेस्टरफील्ड यांना उद्देशून. सरदार मोठे, भाषेचे रसिक. हाती आले दहा पौंड. मग कैक वर्षं काही नाही. कोश छापून व्हायला आला, तसे चेस्टरफील्डनी एका नियतकालिकात त्याची तारीफ करणारे दोन लेख लिहिले. जॉन्सनने ७ फेब्रुवारी १७५५ रोजी त्यांना पत्र धाडलं. माणूस पाण्यात गटांगळ्या खात असताना निवांत बघत राहायचं आणि तो काठाला लागला की मदतीचं ओझं त्याच्या गळ्यात टाकायचं, आश्रयदाता म्हणतात तो हाच ना, महाराज?

आणि कोशातली नोंद पाहा. ‘पेट्रन: आश्रय, पाठबळ किंवा संरक्षण देणारा. बहुधा असा नीच इसम, जो मदत देतो मगरुरीने आणि मोबदला घेतो खुशामतीत.’

एक्साइज, म्हणजे अबकारी कर, ही नोंदही अशीच. ‘मालावर बसवलेला तिरस्करणीय कर.’ वसुलीदारांना त्याने पुढे ज्या शिव्या दिल्या त्या वेगळ्याच. अबकारी खात्याने यावर थेट सरकारी वकिलाचा सल्ला घेतला. ही बदनामी आहे असं मत पडलं, पण खटला काही उभा राहिला नाही.

स्वतःलाही त्याने सोडलं नाही. कोशकार म्हणजे कोण? ‘शब्दकोश लिहिणारा, एक निरुपद्रवी हमाल.’ ‘डल’, म्हणजे कंटाळवाणं, या शब्दाला उदाहरण दिलं आहे, ‘शब्दकोश करणं हे डल काम आहे.’

कुठे हात टेकले तर तेही लपवलं नाही. शेक्सपिअरमधला एक शब्द आहे, ट्रॉलमायडेम्स. त्यापुढे जॉन्सनने छापलं, ‘या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नाही.’ असं लिहायला छाती लागते. चुकाही आहेत. जहाजावरचे दोन शब्द, विंडवर्ड आणि लीवर्ड, अर्थाने एकमेकांच्या उलट. जॉन्सनने दोन्हींना एकच अर्थ दिला, वाऱ्याच्या दिशेने! आणि ‘पास्टर्न’ म्हणजे घोड्याच्या पायाचा खुराच्या वरचा भाग. त्याने दिलं, ‘घोड्याचा गुडघा.’ एका बाईंनी विचारलं, असं कसं लिहिलंत? उत्तर आलं, ‘अज्ञान, बाईसाहेब, निव्वळ अज्ञान.’

राहता राहिली ती ‘पेन्शन’. ‘कोणत्याही मोबदल्याशिवाय दिलेला तनखा. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ सहसा असा समजतात, की देशाशी गद्दारी केल्याबद्दल सरकारी भाडोत्र्याला मिळणारं वेतन.’

[पडद्यावर: राजा तिसरा जॉर्ज याचं चित्र.]

१७६२ मध्ये राजाने जॉन्सनला पेन्शन देऊ केली. वर्षाला ३०० पौंड. जॉन्सन बिचकला. चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स हा मित्र, त्याला विचारून आला की ही व्याख्या लिहिणाऱ्याने पैसे घ्यावेत का. रेनॉल्ड्सला त्यात काही गैर दिसलं नाही. पंतप्रधान लॉर्ड ब्यूट यांनीही सांगितलं, पुढे काही करावं म्हणून हे देत नाही, आजवर जे केलंत त्याबद्दल आहे. जॉन्सनने पेन्शन घेतली. टवाळखोरांना आयतं कोलीत मिळालं.

१७७३ साली त्याने कोशाची चौथी, सुधारलेली आवृत्ती काढली. ‘पास्टर्न’चा गुडघा दुरुस्त झाला. ‘पेन्शन’ची व्याख्या होती तशीच छापली, आणि वर्षाचे ३०० पौंडही चालू राहिले.