जुना भाव परत येईल का?

श्रोतेहो, नमस्कार.

कापसाचा चुकारा हातात आला की त्यातले पाच-दहा हजार मोबाइलवरून शेअरमध्ये टाकणारे कास्तकार आता वणी, दारव्हा, पुलगाव, आर्वी, कुठंही भेटतात. डीमॅट म्हणजे काय, शेअर म्हणजे काय, हे सांगत बसत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. आज बोलायचं ते अडकलेल्या शेअरबद्दल. चारशेला घेतला, आज चाळीसवर आहे. लाल आकडा बघवत नाही म्हणून ॲपच उघडत नाही. घरात कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आपला भाव आला की काढून टाकू."

तो भाव येणार की नाही हे नशिबावर सोडायचं कारण नाही. बरंचसं हिशोबानं कळतं. त्या हिशोबात पहिल्यांदा बघायची ती शेअरांची संख्या, भाव नंतर. पुन्हा सांगतो, शेअरांची संख्या. का, ते समजायला येस बँकेची गोष्ट ऐका. ही गोष्ट माझ्या फार आवडीची आहे, त्यामुळं वेळही तीच जास्त खाणार. तेवढं चालवून घ्या.

ऑगस्ट २०१८. येस बँकेचा शेअर ४०४ रुपयांना टेकला होता. सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेनं संस्थापक राणा कपूर यांना जानेवारी २०१९ नंतर प्रमुखपदावर ठेवायला नकार दिला आणि २१ सप्टेंबरला एका दिवसात शेअर तीस टक्क्यांच्या आसपास कोसळला. आठवडाभरातच कपूर साहेबांनी ट्विटरवर जाहीर केलं, की माझे शेअर म्हणजे हिरे आहेत, ते मी मुलींना देऊन जाणार आणि मृत्युपत्रात लिहून ठेवणार की यातला एकही विकू नका. ऐकणाऱ्याला काय वाटणार? मालकच धरून बसलाय, मग आपण कशाला सोडायचा? पुढं त्यांच्या कंपन्यांनी उचललेलं कर्ज फेडायला शेअर विकले गेले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांच्याकडे उरले नऊशे. नऊशे लाख नव्हे, नऊशे हजार नव्हे, नुसते नऊशे शेअर. मालकाच्या बोलण्यावर जाऊ नका, त्याच्या नावावर किती शेअर उरले ते दर तिमाहीला छापून येतं, ते वाचा.

आता समजा, आपल्याकडच्या एका कास्तकारानं ३५० च्या भावानं २०० शेअर घेतले. सत्तर हजार गेले. एप्रिल २०१९ मध्ये बँकेनं पहिल्यांदाच तिमाही तोटा दाखवला, १,५०७ कोटींचा, आणि ३० एप्रिलला शेअर १६८ च्या आसपास आला. इथं दोन रस्ते होते. विकला असता तर ३३,६०० रुपये हातात आले असते, छत्तीस हजारांचा घाव सोसून मोकळा. पण त्यानं काय केलं? आणखी १०० घेतले, खरेदीची सरासरी किंमत खाली आणायला. झाले ३०० शेअर आणि गुंतले ८६,८०० रुपये.

सूचना मिळत होत्या. जानेवारी २०२० मध्ये बँकेच्या ऑडिट समितीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. फेब्रुवारीत बँकेनं सांगितलं, डिसेंबर तिमाहीचा निकाल वेळेवर येणार नाही. श्रोतेहो, निकाल लांबला की समजावं पाणी मुरतंय. तो आला तेव्हा तोटा होता १८,५६४ कोटी!

पण त्याआधीच ५ मार्चची संध्याकाळ उजाडली म्हणा की मावळली म्हणा. रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले, खातेदाराला पन्नास हजारांवर पैसे काढता येईनात. दुसऱ्या दिवशी शेअर ५ रुपये ५५ पैशांपर्यंत गेला आणि सव्वासोळाच्या आसपास बंद झाला. आपल्या माणसाच्या तीनशे शेअरांची किंमत पाच हजारांच्याही आत आली.

आणि आता गोष्टीतला खरा मजेचा भाग. बँक वाचवायची योजना १३ मार्चला निघाली. स्टेट बँकेनं आणि इतर सात बँकांनी मिळून दहा रुपये दरानं दहा हजार कोटी ओतले. सोबत एक अट आली. ज्याच्याकडे शंभरपेक्षा जास्त शेअर आहेत त्याचे पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षं कुलपात. शंभर किंवा कमी असतील तर तो पूर्ण मोकळा. म्हणजे तीनशेवाल्याचे २२५ अडकले आणि विकायला उरले फक्त ७५. बाजारात विकायला माल कमी उरला, त्यामुळं चार-पाच दिवसांत भाव उसळून ८० च्याही वर गेला. ज्याच्याकडे शंभरच होते त्यानं सगळे फुंकले. आपला गडी, ज्यानं सरासरी खाली आणली होती, तो बघत बसला. सरासरी करायला घेतलेल्या त्या शंभरांनी कुलपाचाच बोजा वाढवला. जुलैत बँकेनं १२ रुपयांना नवे शेअर विकले. कुलूप उघडलं ते १३ मार्च २०२३ ला, तेव्हा भाव होता पंधरा-सोळा.

हे झालं नाट्य. आता हिशोब, आणि यासाठीच गोष्ट सांगितली. मार्च २०१८ मध्ये बँकेचं भरणा झालेलं भांडवल साधारण ४६० कोटी, शेअरची दर्शनी किंमत २ रुपये. भागा. २३० कोटी शेअर. नंतर नवे शेअर काढत काढत हे भांडवल ६,२०० कोटींच्या पुढं गेलं, म्हणजे ३,१०० कोटींहून जास्त शेअर. ४०४ च्या भावाला २०१८ मध्ये अख्ख्या बँकेची किंमत होती साधारण ९३ हजार कोटी. समजा, बँक पूर्ण सावरली आणि तिला तेवढीच किंमत परत मिळाली, तरी एका शेअरच्या वाट्याला येतात तीस रुपये. तीस! आणि ४०४ यायचा तर बँकेची किंमत साडेबारा लाख कोटी व्हावी लागेल. जो माणूस ४०४ ची वाट बघतोय, तो नेमकी कशाची वाट बघतोय हे त्यालाच ठाऊक नाही.

तुमच्या शेअरचा हिशोबही असाच करा. बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या, साइटवर कंपनीचा तिमाही निकाल उघडा. शेवटाकडे पेड-अप कॅपिटल म्हणजे भरणा झालेलं भांडवल आणि फेस व्हॅल्यू म्हणजे दर्शनी किंमत छापलेली असते. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागलं की शेअरांची संख्या. तुम्ही घेतला त्या वर्षीची आणि आजची, दोन्ही काढा. मध्ये बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक तुकडे) झाला असेल तर तो वजा धरा, कारण त्यात तुमचेही शेअर वाढतात आणि वाटा तोच राहतो. बाकी कारणानं संख्या दुप्पट झाली असेल तर जुना भाव विसरा.

आपल्याला शेअर धरून ठेवायची सवय कापसामुळं लागली, असं माझं मत आहे. २०२२ मध्ये कापूस दहा-बारा हजारांवर गेला, म्हणून पुढच्या हंगामात अनेकांनी घरात भरून ठेवला आणि शेवटी सात-आठ हजारांनी काढला. पोरांच्या अंगाला खाज सुटली ती वेगळी. तरी कापसाला हमीभाव आहे, त्या भावानं घेणारी सरकारी सीसीआय आहे. शेअरच्या खाली कसलाच हमीभाव नाही. घरकर्ज देणाऱ्या डीएचएफएलचं बघा, २०२१ मध्ये कंपनी पिरामलकडे गेली आणि जुन्या भागधारकांना मिळालं शून्य. दिवाळखोरीत कामगार, बँका, सरकार, सगळ्यांचं देऊन काही उरलं तर भागधारकाला मिळतं. आणि उरत नाही.

"पण सुझलॉन आला ना वर?" पवनचक्क्या बनवणाऱ्या या कंपनीबद्दल हा प्रश्न हमखास येतो. आला. २०२० मध्ये दोन रुपयांच्या आत होता, २०२४ मध्ये ८० च्या पुढं गेला. पण फायदा कुणाला, तर दोन रुपयांना घेणाऱ्याला. २००८ मध्ये चारशेच्या वर घेतलेला अजून वाटच बघतोय.

सगळेच पडलेले शेअर विकावेत असं मात्र नाही. मार्च २०२० मध्ये बाजाराचा निर्देशांक निफ्टी साडेसात हजारांवर आला आणि नोव्हेंबरात पुन्हा जुन्या उंचीवर पोचला. अख्खा बाजार पडला असेल, तुमच्या कंपनीवर कर्ज कमी असेल, धंद्यातून रोख पैसा येत असेल, तर विकायची घाई नको. याउलट प्रवर्तकाचे, म्हणजे कंपनीच्या मालकाचे, कर्जासाठी तारण ठेवलेले शेअर वाढत चाललेत, नफा कागदावर दिसतो पण कॅश फ्लो, म्हणजे धंद्यातून येणारी रोख, दरवर्षी उणे, ऑडिटर मुदत संपायच्या आत निघून गेला, व्याज कामकाजाच्या नफ्यापेक्षा जास्त, यातल्या दोन गोष्टी जरी दिसल्या तरी माझा सल्ला एकच, काढा. अर्धा काढून अर्धा ठेवणं हे मनाचं समाधान आहे, चालत असेल तर करा. पण सरासरी नको. आणि पेरणीचा, पीककर्जाचा पैसा तर बिलकुल नको. पीककर्ज शेअरमध्ये घालणाऱ्याला मी कास्तकारही म्हणत नाही आणि गुंतवणूकदारही म्हणत नाही. टेलिग्रामवरच्या टिपा देणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, रेडिओवर शोभणार नाही.

विकायचं ठरलं की अडचण येते ती वेगळीच. शेअर सांभाळणाऱ्या सीडीएसएल या संस्थेत खातं असेल आणि ब्रोकरला अधिकारपत्र दिलेलं नसेल तर विकताना टीपिन हा गुप्त क्रमांक आणि ओटीपी लागतो. तो जातो खातं उघडताना दिलेल्या नंबरवर. तो नंबर रिचार्ज न केल्यानं बंद पडलेला असतो, किंवा खातं उघडून देणाऱ्या पोराचा असतो. आधी नंबर बदलून घ्या. सोबत नॉमिनीही भरा, घरी येऊन खाती उघडून देणारे तो रकाना रिकामाच ठेवतात. शेअर लोअर सर्किटला, म्हणजे एका दिवसात पडायच्या मर्यादेला, टेकला असेल तर घेणारा नसतो. तेव्हा आदल्या रात्रीच आफ्टर मार्केट ऑर्डर, म्हणजे बाजार बंद असताना द्यायची ऑर्डर, टाका, सर्किटच्या सर्वांत खालच्या भावाला. रांगेत आधी उभा तो आधी सुटतो.

कराचं थोडक्यात. घेतल्यापासून बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरचा तोटा कुठल्याही शेअरच्या नफ्यातून वजा होतो, बारा महिन्यांनंतर विकलेल्याचा फक्त दीर्घ मुदतीच्या, म्हणजे तसाच बारा महिन्यांनंतरच्या, नफ्यातून. पगारातून नाही. विकताना आधी घेतलेला शेअर आधी गेला असं धरतात, ॲपमध्ये दिसणारी सरासरी नाही. ३०० ला १०० आणि ५० ला १०० घेतले असतील आणि आता १०० विकले, तर तोटा ३०० वरून मोजला जातो. उरलेला तोटा आठ वर्षं पुढं नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आपल्यापैकी पुष्कळजण भरतच नाहीत. आणि भरतात ते तालुक्याच्या गावी कॅफेवाल्याकडून विवरणपत्राचा साधा नमुना, आयटीआर-१, भरून घेतात. त्यात तोटा पुढं न्यायची जागाच नाही. आयटीआर-२ मागा, आणि ब्रोकरच्या ॲपमधून टॅक्स पी अँड एलचा, म्हणजे करासाठीच्या नफा-तोट्याचा, कागद काढून सोबत न्या.

नमस्कार.