लारिसासाठी रेक्विएम

नमस्कार श्रोतेहो!

युक्रेनचे संगीतकार वालेंतिन सिल्वेस्त्रोव यांच्या पत्नी लारिसा बोंदारेंको १९९६ साली अचानक गेल्या. त्या संगीताच्या अभ्यासक होत्या. नवऱ्याचं संगीत बारकाईनं ऐकणारं माणूसच घरातून गेलं, असं म्हणा ना. पुढे १९९७ ते १९९९ या काळात सिल्वेस्त्रोव यांनी जे लिहिलं, ते 'लारिसासाठी रेक्विएम'.

रेक्विएम म्हणजे मृतात्म्याला शांती लाभावी म्हणून कॅथलिक चर्चमध्ये होणारी मास, म्हणजे प्रार्थनाविधी. लॅटिन प्रार्थना ठरलेल्या, क्रमही ठरलेला. इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या रेक्विएममध्ये कयामतीच्या दिवसाचं वर्णन आलं की मोठा ढोल छातीवर आदळतो. इथे वाद्यवृंद आहे, गायकवृंद आहे, सिंथेसायझरसुद्धा आहे, पण प्रार्थना सलग म्हणून होतच नाही. ओळ सुरू होते आणि मध्येच थांबते. दुखवट्याच्या घरी बोलणाऱ्याचं वाक्य अर्धं राहतं ना, अगदी तसं.

एकूण सात भाग. मला सगळ्यात भिडतो तो चौथा. इथे लॅटिन बाजूला राहतं आणि तारास शेवचेंको या युक्रेनी महाकवीचे शब्द येतात: हे जगा, निरोप दे, हे धरित्री, निरोप दे. त्याच कवितेत पुढे जाणारा जीव युक्रेनला 'अभागी विधवा' म्हणतो आणि सांगतो, मी ढगांतून तुझ्याशी बोलायला येत जाईन.

ही चाल मात्र नवी नाही. सत्तरच्या दशकात सिल्वेस्त्रोव यांनी आवाज आणि पियानो यांच्यासाठी 'शांत गीते' लिहिली होती, तीही अगदी हळू गाण्यासाठी. हे गाणं त्यातलंच. तेव्हा लारिसा हयात होत्या. गाणं तसंच राहिलं, पण आता त्याचा अर्थ बदलला. पाचव्या भागातही 'दूत' या त्यांच्याच आधीच्या रचनेचे सूर आहेत, थेट अठराव्या शतकातल्या मोत्सार्टच्या काळातले वाटावेत असे. काही जाणकारांना ही मोत्सार्टची छाया भाबडी वाटेल. मला नाही वाटत. दुःखासाठी नवे सूर शोधण्यापेक्षा लारिसाच्या हयातीतलं गाणं पुन्हा हाती घ्यावंसं वाटणं, हे मला जास्त खरं वाटतं.

युक्रेनची राजधानी कीवमधल्या 'दुम्का' गायकवृंदानं आणि युक्रेनच्या राष्ट्रीय वाद्यवृंदानं याचं ध्वनिमुद्रण केलं आहे. संचालक व्होलोदिमिर सिरेंको. त्यातला चौथा भाग आता ऐकवतो. आवाज फार हळू आहे, तेव्हा रेडिओ जरा मोठा करा.