सुजलेली दाढ बधीर का होत नाही?

नमस्कार. दाढ ठणकतेय, गाल सुजलाय, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय आणि तरीही दाताला हात लागला की कळ थेट मस्तकात जाते. खुर्चीत बसलेला पेशंट मुठी आवळून सोसत राहतो. त्याला वाटतं, आपणच घाबरट आहोत. तसं नाहीये, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

ते इंजेक्शन बहुतेक वेळा लिग्नोकेन या बधीर करणाऱ्या औषधाचं असतं. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी ते तयार केलं. त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःला टोचून पाहिलं. १९४८ पासून ते झायलोकेन या नावानं मिळू लागलं.

आता नीट बघा. दुखण्याचा संदेश नसेतून, म्हणजे मज्जातंतूतून, पुढे सरकतो तो सोडियम आत शिरतं म्हणून. लिग्नोकेन सोडियमची ही दारं बंद करतं, पण आतल्या बाजूनं! म्हणजे औषधाला आधी नसेच्या चरबीयुक्त आवरणातून आत जावं लागतं, आणि ते जमतं फक्त विद्युतभार नसलेल्या रेणूंना. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते. तिथे बरेचसे रेणू बाहेरच भारित होतात आणि बाहेरच राहतात. शिवाय सुजेमुळे तिथलं रक्ताभिसरण वाढलेलं असतं, त्यामुळे औषध लवकर वाहूनही जातं.

म्हणून खालच्या दाढेसाठी डॉक्टर सुजेपासून लांब, जबड्यात मागे, नस हाडात शिरते तिथे इंजेक्शन देतात. कधी आधी पू काढून दाढ नंतर काढतात. हा वेळकाढूपणा नव्हे.

दाब आणि ओढ मात्र जाणवणारच. टोचल्यासारखं, कळ आल्यासारखं झालं तर लगेच हात वर करा, डॉक्टर आणखी औषध देऊ शकतात. अर्थात त्यालाही वजनानुसार मर्यादा आहे: साधं लिग्नोकेन किलोमागे साधारण ४.५ मिलिग्रॅम. त्यात अ‍ॅड्रेनॅलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) असेल तर औषध जागेवर जास्त वेळ टिकतं, थोडा वेळ छातीत धडधडू शकतं. हृदयविकार असेल तर आधीच सांगा. कानात आवाज, तोंडात धातूसारखी चव किंवा गरगरणं जाणवलं तर एक क्षणही थांबू नका, लगेच सांगा.

लहान मूल असेल तर घरी गेल्यावर दोन-तीन तास लक्ष ठेवा. बधीर ओठ मुलं चावत बसतात आणि संध्याकाळी तोच सुजतो.