लाइट लागायच्या आधीच सेन्सर मंदावतो

नमस्कार. "चेक इंजिन लाइट लागली नाही ना, मग ऑक्सिजन सेन्सर ओके आहे," हे वाक्य मला तुमच्या डोक्यातून काढायचंय, आज त्यासाठीच आलोय. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे एक्झॉस्टच्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते मोजणारा सेन्सर.

माझ्याच गाडीचं सांगतो. ॲव्हरेज १७ वरून १३ वर आलं, पण एका रात्रीत नाही, पाचसहा महिने हळूहळू, त्यामुळे आधी वाटलं ट्रॅफिक असेल, मग वाटलं टायरमधली हवा असेल. मेकॅनिकने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले आणि दर वेळी म्हणाला, आता चालवून बघा. काढलेले प्लग मी हातात घेतले, टोकाला कोरडी काजळी, बोट लावलं की काळं. पेट्रोल जास्त जातंय हे समोर दिसत होतं! ऑक्सिजन सेन्सर बघा म्हटलं की एकच उत्तर, लाइट कुठे लागलीय? याचा मला आजही राग येतो, कारण गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा स्कॅनर तिथेच टेबलावर पडलेला होता.

शेवटी मित्राने त्याचा स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड एकही नाही. पण लाइव्ह डेटात चांगल्या सेन्सरची रेघ ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होते, करवतीचे दातच जणू, आणि माझी रेघ सावकाश चढायची, सावकाश उतरायची आणि बराच वेळ खालीच रेंगाळायची. खाली म्हणजे धुरात ऑक्सिजन जास्त, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय असं ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, समजतो आणि अजून पेट्रोल सोडतो. त्याला १४.७ ला १ हे हवा-पेट्रोलचं प्रमाण सांभाळायचं असतं, आणि तो बिचारा सेन्सर सांगेल त्यावरच चालतो. (१९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत हा सेन्सर पहिल्यांदा आला तोच या कामासाठी.)

पाचच मिनिटं उरली अशी चिठ्ठी आलीय, तर मुख्य मुद्दे पटापट घेतो. गाडी गरम झाल्यावर ॲक्सिलरेटर झटकन दाबा, व्होल्टेज लगेच ०.८-०.९ वर गेलं पाहिजे, चालत्या गाडीत पाय काढला की शून्याजवळ आलं पाहिजे. हे जुन्या पद्धतीच्या सेन्सरचं झालं, इंजिनाकडच्या बाजूला नव्या पद्धतीचा वाइडबँड सेन्सर असेल तर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय ते बघा, ती १० टक्क्यांच्या वर सरकत चालली की शोध सुरू करा. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर मात्र स्थिरच असायला हवा, तो सपाट दिसला म्हणून बदलू नका. कोड आलाच, तर पी०१३३ म्हणजे सेन्सर संथ, पी०१३५ म्हणजे त्याचा हीटर. पी०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आला की लगेच सेन्सरला दोष देऊ नका, आधी एक्झॉस्ट आणि इनटेकचं लीकेज बघा, कारण सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला बारीक चीर असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो. आणि नवा सेन्सर बसवण्याआधी इंजिन ऑइल जाळतंय का, कूलंट कमी होतंय का हे तपासा, नाहीतर त्यांच्या जळण्याने सेन्सरवर जो थर बसतो तो नव्यावरही बसेल.